बारा ओळींची बेरीज

तिकोणा पेठ, ११ मार्च

विकास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी सवय. पण तुला सध्या ते हवेत की नकोत हे ठाऊक नाही, म्हणून तेवढी जागा सोडतो. माझा फोन तुला लागत नाही. नंदाच्या फोनवरून एकदा लागला, तर माझा आवाज ऐकून तू तिचाही नंबर ब्लॉक केलास. तुझ्या नंदामावशीने तुझं काय वाईट केलं होतं? ती म्हणाली, "तुमच्या संगतीचं फळ," आणि भाकरी थापायला गेली. उर्से काही विलायतेत नाही. तरी पोस्टाचं तिकीट लावून लिहितो आहे, कारण टोलनाक्याशेजारच्या तुझ्या खोलीवर येऊन दार वाजवायची हिंमत नाही. म्हणजे, गुडघे दुखतात.

काम एवढंच, की मला एक शंका आहे. यंत्राची शंका. बाकी काही नाही.

तुला सगळं माहीत आहे, पण मला सलग लिहिल्याशिवाय सुचत नाही. दोन फेब्रुवारीला आपल्या समितीने पावसाच्या इशाऱ्याची रंगीत तालीम घेतली. वर माळावर तुझ्या शिदूकाकाने पर्जन्यमापकात तांब्याने पाणी ओतलं. वाचनालयाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला ते कळावं, तुझ्या प्रोग्रॅमने एक्केचाळीस फोन लावावेत आणि वाडीवरच्या एक्केचाळीस घरांनी देवळापाशी यावं, असं ठरलं होतं. एकही फोन वाजला नाही. कॉम्प्युटर थिजून बसला होता. मी बटण दाबून तो बंद केला, पुन्हा चालू केला, सिस्टिम मॉनिटर उघडला आणि सगळ्यांसमोर वाचला. तुझ्या प्रोग्रॅमच्या बारा ओळी, एकेका चालू कामाची एकेक. प्रत्येकीसमोर मेमरी सातशे एमबी. बारा साते चौऱ्याऐंशी, म्हणजे आठ पूर्णांक चार जीबी. आणि कॉम्प्युटरची मेमरी आठ.

तू म्हणालास, "आबा, आठाच्या डब्यात साडेआठ मावंल कसं? ही बेरीज करायची नसती."

मी म्हणालो, "म्हणूनच तर डबा फुटला." लोक हसले. तू उठून गेलास. समितीने तुझा प्रोग्रॅम काढायचं ठरवलं आणि तुझं लॉगिन मी बंद केलं. त्यानंतर सभेत कुणीतरी वाईट बोललं, ते तुझ्या कानावर गेल्याचं कळलं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार.

आता शंका. तुझा प्रोग्रॅम काढल्यावरही कॉम्प्युटर दोनदा तसाच थिजला. सोळा फेब्रुवारीला आणि तीन मार्चला. तर हे कशामुळे होत असावं, हे दोन ओळींत कळव. पोस्टकार्ड चालेल. वाडीच्या वरच्या कड्याला गेल्या वर्षी पडलेली भेग तशीच आहे आणि जूनला आता तीन महिनेही उरले नाहीत.

मारुती आबा


तिकोणा पेठ, १८ मार्च

विकास,

पोस्टकार्ड आलं नाही. असो.

तीन मार्चपासून मी वही घातली आहे. लोणावळ्याला सिग्नलच्या कामात तीस वर्षं गेली. रोज सकाळी-संध्याकाळी मीटर वाचून वहीत टिपायचे, हे हाडात मुरलंय. आता सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला वाचनालयात जातो, मॉनिटरमधल्या मोठ्या दहा ओळी उतरवतो. नंदा म्हणते, देवाला एवढ्या नेमाने गेला असता तर मोक्ष मिळाला असता.

तर ऐक. गडाच्या वाटेवर पर्यटकांच्या गाड्यांसाठी जे कॅमेरे लावले, त्यांचा प्रोग्रॅम तीन तारखेला नऊशे एमबीवर होता. चारला साडेतेराशे. पाचला अठराशे. रोज साडेचारशे वाढतात. घेतलेलं परत ठेवायचं त्याला माहीतच नाही. काल संध्याकाळी तो सात हजार दोनशेवर गेला आणि आज पहाटे कॉम्प्युटर तिसऱ्यांदा थिजला. चालू केल्यावर पाहिलं, तर तोच प्रोग्रॅम पुन्हा गरीब चेहऱ्याने नऊशेवर बसलेला.

आता मला सांग, दोन फेब्रुवारीला मी काय केलं? आधी बटण दाबलं, मग रीडिंग घेतलं. बिघाड झाला की पहिल्यांदा रीडिंग घ्यायचं आणि मगच हात लावायचा, हे माझ्या ओसरीवर तुला कुणी शिकवलं होतं? तू अकरावीत होतास, माझा जुना रेडिओ तू न बघता उघडलास म्हणून मी तुला केवढा ओरडलो होतो. चोर उठून गेल्यावर मी पंचनामा केला आणि जो समोर बसला होता त्याला धरलं.

आणखी एक. तिथे 'फ्री' म्हणून जो आकडा असतो तो त्या दिवशी दीडशे होता, आणि मी तो बोट लावून दाखवला होता. यंत्रात जागाच उरली नाही म्हणून. सत्यमने, म्हणजे माझ्या पुतण्याने, मला त्याच्या शेजारचा 'अव्हेलेबल' नावाचा रकाना दाखवला. तिथे त्या वेळीही बरेच जीबी असणार. रिकामी जागा कॉम्प्युटर रिकामी ठेवत नाही, नुकत्याच वाचलेल्या फायली तिथे पसरून ठेवतो, आणि कुणी जागा मागितली की उचलतो. आपण बाजेवर कुरडया वाळत घालतो आणि पाहुणा आला की सूप घेऊन गोळा करतो, तसं. बाज भरलेली दिसते म्हणून पाहुण्याला दारातून परत पाठवणारा शहाणा मीच.

आता जे लिहायचं नव्हतं तेही लिहितो. दोन फेब्रुवारीच्या संध्याकाळी तुझा प्रोग्रॅम मी स्वतः बंद केला. मॉनिटर समोरच होता. माझ्या हिशोबाने आठ जीबीच्या वर जागा मोकळी व्हायला पाहिजे होती. मोकळी झाली नऊशे एमबी. मी तो आकडा पाहिला, विकास. दोनदा पाहिला. माझं काहीतरी चुकतंय हे मला त्याच मिनिटाला कळलं. मग मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली ठेवून दिली आणि कुणाला काही बोललो नाही. सभा होऊन दोन तासही झाले नव्हते. परत लोकांपुढे कुठे जायचं, असं वाटलं.

ते नऊशे कसे, हे मला अजून कळलेलं नाही. तू सांगितलंस तर बरं होईल.

मारुती आबा


तिकोणा पेठ, १४ एप्रिल

विकास,

कळलं. तू नाही सांगितलंस, विहिरीने सांगितलं.

भूजलाच्या सर्वेक्षणाला एक मुलगी आली होती, तेजल नावाची. गावात विहिरी किती, याची यादी करत होती. आमच्या आळीत तिने चार विहिरी लिहिल्या. मी म्हटलं, बाई, चार कुठल्या? तिने कागद दाखवले. आम्हा चौघा भावांचे चार सातबारे, चौघांच्याही इतर हक्कात विहीर. मला हसू आवरेना. अगं, विहीर एकच आहे! वडिलांनी खणली, वाटणीत जमीन चौघांत गेली, विहीर सामाईक राहिली. ती चौघांच्या कागदावर लागली म्हणून चार झाली का? माझी पाळी सोमवार-मंगळवार, केरबाची बुधवारी, असं वर्षानुवर्षं चाललंय. तिला नेऊन विहीर दाखवली, वाकून बघ म्हटलं. ती बिचारी ओशाळली आणि तिने तीन विहिरी खोडल्या.

मी हसत हसत घरी आलो, हातपाय धुतले, चहा घेतला. आणि कप हातात असतानाच हसू गेलं. बारा सातबारे. एक विहीर.

तसाच वाचनालयात गेलो. तुझा प्रोग्रॅम पुन्हा चालू केला, बारा ओळी आल्या, आणि या वेळी पुढचा रकाना वाचला. 'शेअर्ड'. प्रत्येक ओळीत सातशेपैकी सहाशे ऐंशी शेअर्ड. म्हणजे डोंगराचा तो मोठा नकाशा तू एकदाच आत घेतलास आणि तुझी बारा माणसं त्याच्याभोवती बसून काम करतात. प्रत्येकाचं स्वतःचं असं फक्त वीस. बारा वीसं दोनशे चाळीस, त्यात सहाशे ऐंशी एकदाच मिळवायचे. नऊशे वीस. त्या संध्याकाळी मोकळे झालेले नऊशे ते हेच. तो रकाना त्या दिवशीही तिथेच होता. माझ्या बोटापासून दोन इंचांवर.

सातबारा वाचत म्हातारा झालो आणि हे कळायला मला एक परकी मुलगी यावी लागली. तू सभेत बरोबर बोलत होतास आणि मी तुला हसण्यावारी नेलं. माझं चुकलं, विकास. पूर्ण चुकलं. माफ कर.

पोस्टाने दोन पत्रं गेली, त्यांचं काय झालं कळत नाही, म्हणून हे तुझ्या आईबरोबर देतो. सारजाबाई परवा तुझ्याकडे जाणार आहे असं ऐकलं.

मारुती आबा

त्याच दिवशी, संध्याकाळी

तुझ्या आईने पत्र घेतलं नाही, म्हणून कागद पुन्हा उघडला आहे.

मी वाडीवर गेलो तेव्हा ती अंगणात नाचणी पाखडत होती. पत्र पुढे केलं तर म्हणाली, आधी वाचून दाखवा, मला काय वाचता येत न्हाई, मी काय नेते ते मला कळाया पायजे. मी मागच्या दोन पत्रांत काय लिहिलं तेही सांगितलं आणि हे पूर्ण वाचलं. विहिरीचं ऐकून ती थोडी हसलीही. शेवटचं 'माफ कर' वाचून मी तिच्याकडे पाहिलं. ती सूप खाली ठेवून म्हणाली,

"आबा, त्यात एक वाक्य ऱ्हायलं."

मी विचारलं, कोणतं. ती म्हणाली, "तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. तू सभेतून उठून गेल्यावरही ती तिथेच उंबऱ्यापाशी बसून होती, हे मला त्या वेळी उशिरा दिसलं होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कुणीतरी वाईट बोललं. तुला लोकांनी सांगितलं की ते कॅमेरेवाला निलेश बोलला. त्यावरून तू त्याला फोनवर शिव्या घातल्यास, तेही माझ्या कानावर आलं, आणि मी गप्प राहिलो. तो परका माणूस, त्याचं काय जातंय, असं मनात म्हणालो. निलेश काहीच बोलला नव्हता. मी बोललो होतो. लोक हसले म्हणून मला चेव आला, आणि तू बाहेर गेल्यावर मी म्हणालो, "वाडीवरच्या माणसाला ताट वाढलं, तर तो परातच ओढतो."

लिहिलं. दहा वर्षं तू माझ्या ओसरीवर बसून शिकलास, माझ्या घरात जेवलास, एकदाही मागून काही घेतलं नाहीस. आणि माझ्या तोंडून हे निघालं. बेरीज चुकली ती अज्ञानाने. हे वाक्य अज्ञानाने नाही आलं. ते आत होतंच, बेरजेने त्याला फक्त बाहेर यायला निमित्त दिलं. हे मान्य करताना मला स्वतःची किळस येते.

मी तुझ्या आईला विचारलं, इतके दिवस तू पोराला खरं का सांगितलं नाहीस. तिने पुन्हा सूप हातात घेतलं. म्हणाली, "तुमी बोल्ला म्हून कळलं असतं, तर त्यो पुन्यांदा कुनापाशी काय शिकायला बसला नसता. निलेश बोल्ला म्हनल्यावर नुसता राग आला. राग जातो, आबा. आन ज्याचं बोलनं हाय त्यानंच सांगावं, मी का सांगू?"

आता पत्र पुरं झालं. उद्या सकाळी पुन्हा वाडीवर जातो आणि तिला हा भागही वाचून दाखवतो.

मारुती


तिकोणा पेठ, ४ मे

विकास,

तुझी आई सांगत होती की पत्र तू तिच्यासमोर वाचलंस, घडी घातलीस आणि कामावर निघून गेलास. आधीची दोन पाकिटंही न फोडता खिडकीत ठेवलेली तिने पाहिली. उत्तर मागत नाही. झालं ते कळवतो.

काल सभा घेतली. तालमीला जेवढे लोक होते तेवढे जमेपर्यंत मी बसून राहिलो. कुणी लग्नाला गेलं होतं, त्याची वाट पाहिली. वाडीवरून सगळ्यांना बोलावलं आणि त्यांना पुढे बसवलं. मॉनिटर भिंतीवर मोठा करून दाखवला, माझी वही वाचली, रोजचे साडेचारशे दाखवले, बारा सातबारे आणि एक विहीर सांगितली. विहिरीचं गावाला लगेच समजलं. केरबा म्हणाला, मग त्या दिवशी आपण पोराला उगाच घालवलं की. मी म्हटलं, आपण नाही, मी घालवलं.

मग ते वाक्य बोललो. जसंच्या तसं. हे मी बोललो होतो, निलेश नाही, असं सांगितलं, आणि निलेशलाही फोन लावून सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या काका," पण आवाजावरून कळलं की जाऊ दिलेलं नाही. सभेत आमच्या आळीतले दोघे म्हणाले, आबा, जुनं कशाला उकरून काढता, आता कामाचं बोला. वाडीवरच्यांतून तुझा शिदूकाका तेवढा उठला, माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत जागेवर जाऊन बसला. तो तांब्या कशासाठी, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पाणी मात्र मी प्यालो.

कॅमेऱ्यांचा प्रोग्रॅम आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर हलवला आहे. तिथे त्याला काय खायचं ते खाऊ दे. तुझा प्रोग्रॅम मी चालू केला, पण तो नीट चालत नाही. तू गेल्यानंतर फोनच्या कंपनीने काहीतरी बदललं, त्यामुळे तो फोन लावायला जातो आणि तिथेच मरतो. सत्यमने दोन दिवस डोकं फोडलं, त्याला जमत नाही. मला तर नाहीच. बाहेरचा माणूस आणू शकतो, पण वाडीची घरं, कुणाचा फोन म्हातारीपाशी असतो, कुणाला दोनदा लावावा लागतो, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे.

तुझं लॉगिन मी पुन्हा उघडलं आहे. पासवर्ड तुझाच, जुना. यायची गरज नाही, माझं तोंड बघायची गरज नाही, तिथूनच होतं हे मला कळलंय. माझ्यासाठी करू नकोस. मला माफ केलंस असा अर्थही मी लावणार नाही. कड्याखाली एक्केचाळीस घरं आहेत आणि त्यातलं एक तुझ्या आईचं आहे. तिला मी जूनपुरतं आमच्या घरी राहायला ये म्हटलं. ती म्हणाली, बाकीच्या चाळीस घरांना पण बोलावता का?

रोज सातला वही घेऊन जातो.

मारुती


तिकोणा पेठ, २३ मे

विकास,

एकोणीस दिवस मॉनिटर उघडला की आधी डावीकडचा रकाना बघायचो. प्रत्येक ओळ कुणी चालू केली त्याचं नाव तिथे असतं. एकोणीस दिवस तिथे यंत्राचं स्वतःचं नाव आणि माझं नाव. आज सकाळी सातला उघडलं, तर बारा ओळींसमोर तुझं नाव होतं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांपासून.

मी कीबोर्डला हात लावला नाही. हात मांडीखाली घेऊन बसलो म्हणालास तरी चालेल. आधी रीडिंग घेतलं. सातशे, सातशे, सातशे. यावेळी बेरीज केली नाही. वहीत लिहिताना चष्मा पुसायला लागत होता, दोनदा पुसला, मग लक्षात आलं की चष्म्याचा दोष नाही.

सव्वासातला वाडीवरून सत्यमला फोन आले, एकामागोमाग एक. सगळ्यांचे फोन वाजले होते. 'ही चाचणी आहे, पाऊस नाही,' असं तुझ्या आवाजात. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. देवळापाशी माणसं जमली होती, तुझा आवाज ऐकून काहींनी उगाच वर आभाळाकडे पाहिलं म्हणे. मी माझा फोन काढून पाहिला. माझा वाजला नव्हता. यादीत माझं घर नाही, ते बरोबरच आहे. नंतर तुला एक फोन लावून पाहिला. लागला नाही. ब्लॉक अजून आहे. असू दे, विकास. तो तू तुझ्या वेळेने काढ, नाहीतर काढू नकोस.

तुझी आई नऊला वाचनालयात आली. देवळापासून थेट, अनवाणी. मला म्हणाली, कुटं हाय त्यो, दावा. मी तिला खुर्चीवर बसवलं, तिचं बोट धरून पडद्यावर तुझ्या नावाखाली ठेवलं आणि सांगितलं, हे अक्षर वि, हे का, हे स. इंग्रजीतलं आहे, पण नाव तेच. तिने बाराही ओळींवरून बोट फिरवलं. प्रत्येक ओळीला थांबून.

मग शेवटचा रकाना दाखवून विचारलं, ह्ये काय लिवलंय. तिथे इंग्रजीत 'झोपलेला' असं लिहिलं होतं. मी सांगितलं की त्याला काम नसलं की तो झोपतो, मेमरी थोडी धरून ठेवतो, पण कान उघडे असतात. वर माळावर पाणी पडलं की क्षणात उठतो.

तिने बोट पडद्यावरून काढलं. म्हणाली, "पाच वाजल्यापून जागा व्हता म्हना की. रातभर काम करून आला आसंल आन परत हितं बसला." मग उठली, पदर सावरला आणि दारातून वळून मला म्हणाली, "आबा, तेवढं बटन दाबू नका आता. निजू द्या त्याला."

मी नाही दाबणार.

मारुती